दोन बोटांचे अंतर

स्मरणिका समितीचे पत्र आले तेव्हा कोणत्या विषयावर लिहावे याचा विचार मला करावा लागला नाही. गेल्या चार महिन्यांत आपल्याच शाळेच्या तीन माजी विद्यार्थ्यांनी आणि एका पालकांनी मला दूरध्वनी केले. चौघांचे म्हणणे थोड्याफार फरकाने एकच होते. आपल्या शाळेचा मुलगा, गरीब घरचा, वर्षभर राबलेला. त्याला तुम्ही नापास केलेच कसे? प्रत्येकाला मी काहीतरी उत्तर दिले, पण एकही उत्तर पुरे नव्हते. पुरे उत्तर द्यायचे तर मला १९९३ सालच्या खारदांड्यातील एका गल्लीत परत जावे लागते, आणि तेथे मी आजवर कोणालाही बरोबर नेलेले नाही.

मी नळ कारागीर आहे. दहावीपर्यंत आपल्या वसतिगृहात राहिलो, पुढे उपनगरातील एका शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला आणि नंतर शिकाऊ उमेदवारी केली. सध्या मोठ्या इमारतींची नळकामे करणाऱ्या एका कंपनीत शिकाऊ उमेदवारांना काम शिकवतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली ही मुले आमच्याकडे येतात, विद्यावेतन घेत प्रत्यक्ष कामावर शिकतात आणि शेवटी अखिल भारतीय परीक्षेस बसतात. त्या परीक्षेआधी आम्ही आमची एक चाचणी घेतो. तिच्यात जो उतरतो त्याला कंपनी हजेरीपटावर कायम करण्याचा विचार करते. म्हणून मुलांच्या लेखी हीच चाचणी खरी.

आपला मुलगा हुशार आहे, हे प्रथम सांगतो. चाचणीच्या दिवशी त्याने पाईपला पाडलेले आटे इतके स्वच्छ होते की मी ते बोट फिरवून पुन्हा पाहिले. सांध्यांना धागा-सफेदा नेमका, कोठेही ओघळ नाही. ओळंब्यात उभी नळी सरळ. दाबाच्या परीक्षेत एक थेंब गळला नाही. त्याला एक साठवण टाकी जोडायची होती. त्याने ती जोडली, आणि पाणी आत येणाऱ्या नळीचे तोंड टाकीच्या तळाशी नेऊन सोडले. टाकी भरली तेव्हा ते तोंड हातभर पाण्याखाली बुडालेले होते. मी विचारले, “असे का?” तो म्हणाला, “सर, आवाज होत नाही, पाणी उडत नाही.”

हेच शब्द मी पूर्वी ऐकले होते. किंबहुना, मीच ते एकदा बोललो होतो.

खारदांड्याच्या कोळीवाड्याला लागून असलेल्या वस्तीत आमचे घर होते. वडील महापालिकेच्या मलनिःसारण खात्यात कामगार. मुलाने घाण पाण्याऐवजी स्वच्छ पाण्याच्या कामात जावे एवढीच त्यांची इच्छा होती, आणि प्लंबरच्या अभ्यासक्रमाला माझे नाव लागले त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. दिवसा उमेदवारी आणि संध्याकाळी वस्तीतल्या एका मिस्त्रींच्या हाताखाली किरकोळ कामे, असा माझा क्रम होता. दांड्यात तेव्हा नळ म्हणजे गल्लीच्या कडेने, बऱ्याच ठिकाणी गटाराच्या पोटातूनच, जुडीने चाललेल्या अर्ध्या इंची जस्ती नळ्या. पाणी पाली हिलच्या जलाशयातून येई, तेही पहाटे, काही तासांपुरते. बाकी दिवसभर नळ्या रिकाम्या. मुंबईचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा दूरच्या धरणांतून शे-दीडशे वर्षांच्या खटपटीने शहरात आलेले आहे. ते शुद्ध करण्यावर महापालिका अतोनात श्रम घेते, आणि शेवटच्या पन्नास फुटांत त्याचे काय होते हे माझ्यासारख्या पोराच्या हाती असते. हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते.

एका कोळीण मावशींच्या दारात निळे प्लास्टिकचे पिंप होते. त्यात त्या मासळी आणि टोपल्या धुण्याचे पाणी भरत. नळाला पाणी येण्याची वेळ ठरलेली नसल्यामुळे रात्री तोटी उघडी ठेवून निजायचे, पाणी आले की पिंप आपोआप भरते, ही सगळ्या गल्लीचीच रीत होती. मावशींच्या सुनेला दिवस गेले होते आणि पहाटे पिंपात पडणाऱ्या धारेच्या आवाजाने तिची झोप मोडे. मावशींनी मला विचारले, काही करता येईल का. मी तोटीच्या जागी कोपर लावून एक नळी थेट पिंपाच्या तळापर्यंत नेली. मिस्त्री त्या दिवशी आले नव्हते. माझे पहिले स्वतंत्र काम. “आता आवाज होणार नाही मावशी, पाणी उडणारही नाही,” असे मी म्हणालो. मावशींनी वीस रुपये आणि चार सुके बोंबील दिले.

पाच-सहा दिवसांनी समोरच्या घरातील चार वर्षांची मुलगी आजारी पडली. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. नऊ दिवस ती रुग्णालयात सलाइनवर होती. ती वाचली. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण त्या नऊ दिवसांत ते कोणाला ठाऊक नव्हते.

गल्लीत जसे होते तसे झाले. कोणी महापालिकेला दोष दिला, कोणी गटाराला, कोणी शिळ्या मासळीला. तिसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी विचारपूस करायला गेलो असता तिच्या आईने मला पाण्याचा पेला दिला. त्या पाण्याला बोंबलाचा वास होता. घरात मासळी नव्हती, पेला स्वच्छ होता. मी पाणी प्यालो नाही. बाहेर आलो आणि गल्लीत पडलेल्या नळीकडे पाहत उभा राहिलो. मावशींचे घर आणि हे घर एकाच नळीवर होते. या घरात पाण्याचा जोर कमी झाला की ओढून घेण्यासाठी मोटर लावत. एवढे मला दिसत होते. पण पाणी मागे कसे जाईल? पाणी नळातून बाहेर येते, आत जात नाही, असेच मला शिकवलेले होते.

मी तेथे उभा असताना ओट्यावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले, “नळ कोणाच्या हातचा आहे ते बघा आधी.”

हातचा. या शब्दाचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. मावशी तेथेच होत्या. त्या उसळून म्हणाल्या, “माझ्या दारातला नल त्यानं बसवलाय. त्याच्या हाताला नाव ठेवलंस तर बघ.” म्हातारा गप्प झाला. गल्लीत इतर कोणी तसे बोलले नाही, हेही नोंदवले पाहिजे. पण मी तेथून निघालो तो संतापाने थरथरत. आपल्या शाळेत पाच वर्षे दर २० मार्चला महाडच्या सत्याग्रहाची कथा ऐकलेला मुलगा मी. १९२३ मध्ये बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी १९२७ साली बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. त्यानंतर तेथील सनातन्यांनी १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण-गोमूत्र मिसळून मंत्रोच्चाराने ते तळ्यात परत ओतले आणि तळे शुद्ध झाले असे मानले. उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. हे सारे मला पाठ होते. त्या म्हाताऱ्याचे उत्तर माझ्याजवळ तयार होते, आणि ते उत्तर खरेही होते.

आता लिहायला जड जाते ते लिहितो. त्या संतापाने माझी सुटका केली. मी अपमानित झालो होतो, म्हणजे मी निर्दोष होतो, असा हिशेब माझ्या मनाने कधी मांडला ते मला कळलेही नाही. त्या रात्री मी करवत घेऊन गेलो आणि ती नळी पिंपाच्या काठावर कापून टाकली. का कापली हे मला सांगता आले नसते, पण कापली. कोणाला बोललो नाही. पुढे कोणी आजारी पडले नाही. पुढची अनेक वर्षे मला त्या गल्लीची आठवण झाली की तो म्हातारा आठवे, ती मुलगी आठवत नसे.

२००२ मध्ये मी आखातात एका मोठ्या हॉटेलच्या नळकामावर गेलो. काम संपत आले तेव्हा एक फिलिपिनो गृहस्थ पेटी घेऊन आले. पेटीत तीन रंगीत रबरी नळ्यांचे एक दाबमापक. जमिनीखालच्या पंपगृहात मुख्य नळीवर पितळी धातूचा एक बोजड व्हॉल्व्ह आम्ही बसवला होता. तो कशासाठी आहे हे मला ठाऊक नव्हते, नकाशात होता म्हणून बसवला. त्यांनी तो तासभर तपासला आणि मी शेजारी दिवा धरून उभा राहिलो. मी विचारत गेलो आणि ते सांगत गेले.

पाण्याला दिशा नसते, असे ते म्हणाले. पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, एवढेच त्याला कळते. नळीत दाब आहे तोवर ते बाहेर येते. पुरवठा बंद झाला, कोठे नळी फुटली, आग विझवायला बंबाने पाणी ओढले किंवा कोणी मोटर लावली, की नळीत दाब उरत नाही. तेव्हा जे तोंड पाण्यात बुडालेले असेल ते तोंड उलटे पिऊ लागते. पिंपातले, बादलीतले, औषधाच्या टाकीतले, जे असेल ते पिण्याच्या नळीत चढते. याला उलटा प्रवाह म्हणतात. दुसरी रीत याच्या उलट आहे. इमारतीतील पंप किंवा बॉयलर यांचा दाब पुरवठ्याच्या दाबाहून अधिक झाला तर ते पाणी मागे ढकलतात. तो बोजड व्हॉल्व्ह याच्याचसाठी. त्यात एकामागे एक दोन झडपा, आणि मधल्या खोलीला एक निसटमार्ग. मागून पाणी येऊ लागले तर पिण्याच्या नळीत शिरण्याआधीच ते जमिनीवर सांडून जाते. निसटमार्ग वेळेवर उघडतो का, हे ते मापकाने पाहत होते. दोन्ही बाजूंच्या दाबांत निदान २ पीएसआयचा फरक शिल्लक असतानाच तो उघडला पाहिजे. झडपेखाली वाळूचा एक कण अडकला तरी हे गणित चुकते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून बसवून भागत नाही, ठरावीक काळाने तपासावे लागते.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. १९३३ साली शिकागोत जागतिक मेळा भरला असताना दोन हॉटेलांत सांडपाण्याच्या आणि पिण्याच्या नळ्यांचा चुकीचा संबंध राहून आमांशाची साथ झाली. सुमारे १,४०० लोक आजारी पडले, ९८ मेले. १९६९ मध्ये अमेरिकेतीलच एका महाविद्यालयाचा जवळजवळ सगळा फुटबॉल संघ काविळीने आजारी पडला. जवळच कोठे आग लागली होती, बंबांनी पाणी ओढले, नळीतला दाब गेला आणि मैदानावरच्या तुषारनळाभोवती साचलेले दूषित पाणी आत ओढले गेले. तेच पाणी मुले प्याली.

ते बोलत होते आणि मला बोंबलाचा वास येत होता. अकरा वर्षे... नाही, तेव्हा नऊ वर्षे झाली होती. दिवा माझ्या हातातच होता. त्यांनी विचारले, काय झाले? मी काही नाही म्हणालो.

निघताना त्यांनी खिशातून ओळखपत्र काढून दाखवले. उलट्या प्रवाहाच्या परीक्षकाचे अमेरिकी प्रमाणपत्र. नळकामाचा पाच वर्षांचा अनुभव, त्यावर चाळीस तासांचे शिक्षण, एक लेखी परीक्षा आणि एक प्रत्यक्ष. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे; मग पुन्हा परीक्षा. मापकाचीसुद्धा दरवर्षी तपासणी. डोक्याचे केस पिकलेला तो माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षेला बसणार होता आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नव्हता. आपल्याकडे एकदा प्रमाणपत्र मिळाले की ते चौकटीत घालून भिंतीवर लावतात. मीही लावले आहे.

माझ्या अभ्यासक्रमाला मी दोष देत नाही. त्याने मला आटे पाडायला, माप घ्यायला, नकाशा वाचायला शिकवले. गळती म्हणजे काय हे मला त्यानेच शिकवले. पण पाणी बाहेर गळते ही गळती डोळ्याला दिसते. पाणी आत गळते ती दिसत नाही, आणि परीक्षेत जे दिसते त्याला गुण असतात. आज स्थिती बरी आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत नळकामाला स्वतंत्र नववा भाग आहे आणि पिण्याचे पाणी उलट्या प्रवाहापासून राखण्याचा विचार त्यात केलेला आहे. शिकून नव्हे तर काम करून तयार झालेल्या कारागिरांची चाचणी घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची सोयही २०१५ नंतरच्या केंद्रीय कौशल्य योजनेत झाली. ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या जे कारागीर मुंबईत येतात, ज्यांच्या हातांवर या शहराचे निम्मे नळकाम चालले आहे असे मला माझ्या अनुभवावरून वाटते, त्यांच्यापैकी कित्येकांना आयुष्यात प्रथमच असा कागद मिळाला. माझ्या मिस्त्रींना तो मिळाला नाही. महापालिकेच्या कामावर परवानाधारक प्लंबरची सही लागते. मिस्त्री काम करीत आणि सही दुसऱ्याची असे. चाळीस वर्षांत त्यांनी बसवलेल्या एकाही नळावर कोणत्याही दप्तरात त्यांचे नाव नाही. म्हणून कागदाचे मोल मी जाणतो. आपल्या मुलाला तो मिळू नये असे मला का वाटेल?

पण त्या कागदाचा अर्थ काय, हे मला त्या गल्लीने शिकवले आहे. ज्याला माझी ओळख नाही, माझी जात ठाऊक नाही, अशा चार वर्षांच्या मुलीने डोळे मिटून पेला तोंडाला लावावा, एवढी हमी त्या कागदात आहे. आपल्या मुलाने जोडलेली टाकी पुढे एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर जाईल. तिचे झाकण एखाद्या दिवशी उघडे राहील, तिच्यात एखादे कबूतर मरून पडेल, आणि ज्या पहाटे नळीतला दाब जाईल त्या पहाटे ते पाणी शेजारच्या घरांत उतरेल. तेव्हाही एकही सांधा गळत नसेल.

यावर उपाय काय, असे एका माजी विद्यार्थ्याने दूरध्वनीवर विचारले. त्याला वाटले मी एखादे महागडे यंत्र सांगेन. दवाखान्यांना, कारखान्यांना, मोठ्या हॉटेलांना ती यंत्रे लागतात आणि ती तपासणारी शिकलेली माणसेही लागतात. आपल्या मुलांनी हे शिक्षण घ्यावे अशी माझी फार इच्छा आहे. परंतु घरच्या टाकीला आणि पिंपाला काहीच लागत नाही. तोटीचे तोंड आणि पिंपाचा काठ यांत मोकळी हवा ठेवायची. नियम असा आहे की नळीच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कोणत्याही परिस्थितीत एक इंचाहून कमी नाही. मी मुलांना सांगतो, दोन बोटे ठेवा. हवेतून पाणी उलटे चढत नाही. ‘अंतर ठेवा’ हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांनी इतके ऐकले आहेत की ते उच्चारताना माझी जीभ अजून अडखळते. पण येथे ते पाण्याने पाण्यापासून ठेवायचे आहे.

महाडच्या त्या घागरींकडेही मी आता कारागिराच्या दृष्टीने पाहतो. ज्या ओंजळींनी पाणी घेतले त्यांनी तळ्यात काही मिसळले नाही. मिसळले ते शुद्ध करणाऱ्यांनी. आपल्या वर्गात हे शिकवले जाते तेव्हा ते समतेच्या धड्यात येते. ते विज्ञानाच्या तासालाही शिकवता येईल.

गेल्या डिसेंबरच्या मेळाव्यात मी जेवणानंतर हात धुवायला स्वयंपाकघरामागे गेलो होतो. तेथे पिंप आहे, आणि नळाला लावलेली रबरी नळी पिंपाच्या तळाशी पहुडलेली होती. मी असताना होती तशीच. आपल्या मुलाने हे कोठे पाहिले असेल याचा शोध मला फार लांब घ्यावा लागला नाही. मी नळी बाहेर काढून खिळ्याला अडकवली. एक लहान मुलगी म्हणाली, “काका, पाणी उडेल.” मी म्हणालो, “उडू दे.” पण एवढ्याने काम झाले नाही. मी निघाल्यावर ती नळी परत आत गेली असणार.

मुलाची फेरचाचणी पुढच्या महिन्यात आहे. ती मी घेणार नाही, माझे सहकारी घेतील. त्यांना मी मुलाविषयी काहीच सांगितलेले नाही. दरम्यान एका रविवारी मी त्याला खारदांड्यात घेऊन गेलो. गल्लीतल्या नळ्या बऱ्याच बदलल्या आहेत. मावशी आता नाहीत. समोरच्या घरातील ती मुलगी लग्न होऊन वसईला गेली, तिला दोन मुले आहेत. तिच्या आईला मी जे सांगायचे ते सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मोटर तर आम्हीच लावली होती रे.” आणि मुलाकडे वळून त्याला चहा घेणार का म्हणून विचारले.

शाळेकडे माझी एक विनंती आहे. कार्यशाळेच्या भिंतीवर पारदर्शक नळीची एक जोडणी करावी. वर एक बादली, खाली दोन तोट्या, त्यांपैकी एक पिंपात बुडालेली. पिंपातल्या पाण्यात थोडी नीळ घालायची आणि वरचे पाणी बंद करून खालची तोटी उघडायची. निळे पाणी नळीत उलटे चढताना आठवीच्या मुलांनी एकदा पाहिले की मला व्याख्यान द्यावे लागणार नाही. खर्च फारसा नाही. नळी आणि तोट्या मी आणीन, दोन रविवार लागतील. पिंप स्वयंपाकघरामागे आहेच.